लाल मधे, निळं कडेला

भैयाजी आमच्या घरी स्थळ घेऊन आले तेव्हा मी जपानमध्ये होतो. म्हणजे बसलो होतो वर्ध्याजवळ पिपरी मेघेच्या आमच्या घराच्या मागच्या खोलीतच, पाण्याची मोटार आणि कांद्याचं पोतं यांच्या मधे. पण कॉम्प्युटरच्या मते मी आणि तो, दोघंही जपानमधल्या एका मॉलमध्ये होतो, आणि कॉम्प्युटरशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

जरा समजावून सांगतो. जपानमध्ये ढोल बडवायचं एक मशीन असतं. वर पडदा, खाली खराखुरा ढोल. नाणं टाकायचं, गाणं लागतं, हातात दोन काड्या. पडद्यावर उजवीकडून डावीकडे रंगीत वर्तुळं सरकत येतात. डाव्या बाजूला एक रिकामं कडं असतं. वर्तुळ त्या कड्यात शिरलं की त्याच क्षणी हाणायचं. लाल असलं तर ढोलाच्या मधे, निळं असलं तर कडेला. बस. असं मशीन वर्ध्यात नाही. नागपुरात असेल तर मला कोणी सांगितलेलं नाही. मग एम्युलेटर नावाचं एक सॉफ्टवेअर असतं, ते त्या खेळाला गंडवतं. खेळाला वाटतं, आपण आपल्या मशीनमध्येच आहोत. एक बटण दाबलं की नाणं पडल्याचा आवाज येतो. नाणं पडत नाही, तरी खेळ वाकून आभार मानतो. इतका विश्वास माझ्यावर घरच्यांनीही कधी टाकलेला नाही.

ढोल मी स्वतः बनवला. आमचं पाइप-फिटिंगचं दुकान आहे, त्यामुळे सांगाडा पीव्हीसीचा. त्यावर प्लायवूड, त्यावर ट्रकच्या चाकामागे लोंबतं ते जाड रबर, आणि रबराखाली चार पितळी चकत्या. वाढदिवसाचं कार्ड उघडलं की जी गाते, तीच चकती. आपण मारलं की ती कॉम्प्युटरला चुगली करते. काड्या म्हणजे घरातली दोन लाटणी, सुताराकडून बारीक करून आणलेली. ती लाटणी शेजारच्या रुख्माबाईंनी नेली, असा आईचा अजून समज आहे, आणि दोघींचं बोलणं बंद आहे. माझे बाबा मनोहरराव यांनी ढोल पूर्ण झाल्यावर चारी बाजूंनी पाहिला आणि विचारलं, "याच्यातून पानी कुठून निघते?" निघत नाही म्हटल्यावर त्यांचा त्यातला रस संपला.

तर भैयाजी. आमच्या समाजात लग्नं जुळवणं हे त्यांचं काम. कोणी दिलेलं नाही, त्यांनीच घेतलेलं. ते खोलीच्या दारात आले तेव्हा माझी पाठ भिंतीला होती, तोंड दाराकडे, आणि मधे कॉम्प्युटर. त्याचा पडदा माझ्याकडे, पाठ त्यांच्याकडे. गाणं हेडफोनमध्ये होतं, त्यामुळे त्यांना नुसतं ठकठक ऐकू येत होतं. त्यांना दिसला तो घामानं भिजलेला एक पोरगा, ज्याची पापणी लवत नव्हती, कानावर काहीतरी जाडजूड, आणि दोन्ही हात सारखे चाललेले. माझी धाकटी बहीण आचल तिथंच उभी होती. ती सांगते, भैयाजींनी आधी चपला काढल्या, मग हात जोडले. आई मला हाक मारायला निघाली तर तिला त्यांनी थांबवलं.

"शोभाबाई, त्याले बोलवू नका. पोरगा समाधीत हाये."

आईनं मला आजवर बऱ्याच अवस्थांत पाहिलं होतं. समाधीत पहिल्यांदाच. तिला ते आवडलं आणि तिनं खुलासा केला नाही.

भैयाजी तिथून थेट हिंगणीला गेले. हिंगणीला नानाजी राहतात. त्यांचा भाजीपाल्याचा मळा, आणि त्यांची नात मयुरी सेलूला एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. गावात देवीचं देऊळ आहे आणि देवळातला नगारा मिसरूड फुटल्यापासून नानाजी वाजवतात. गावोगावच्या देवळांत आता नगारा वाजवणारी मोटार बसली. बटण दाबा, घंटा आणि नगारा दोन्ही सुरू, आणि वीज गेली की देव बहिरा. हिंगणीत ते यंत्र येऊ द्यायचं नाही, असं नानाजींचं म्हणणं. पण नानाजींना सत्तरी उलटली. गावाला काळजी होती, यांच्या मागे कोण. आणि भैयाजींनी तिथं जाऊन सांगितलं की नीलेश म्हणून एक मुलगा आहे, घरी रोज तासन् तास समाधी लावून ढोल वाजवतो, देहभान नाही.

नीलेश म्हणजे मी.

मधे मुलगी पाहण्याचा कार्यक्रम झाला. मला पोह्यांपलीकडे फारसं काही आठवत नाही, कारण मयुरीनं मला पहिलाच प्रश्न विचारला की तुम्ही अर्धी गोळी कशी तोडता. मी म्हटलं, दातानं. ती हसली. म्हणाली, गिऱ्हाइकं खोटं बोलतात, सुरीनं म्हणतात. मग आम्ही फोनवर बोलू लागलो. गॅसच्या गोळ्यांपासून सुरू व्हायचं आणि कुठंही जायचं. थोडक्यात, मला हे लग्न हवं होतं. याआधी मला इतकं काहीच हवं नव्हतं, तो ढोलसुद्धा.

आणि मग हिंगणीहून निरोप आला. नवरात्रात मंगळवारी सगळे या. नीलेशरावांनी संध्याकाळच्या आरतीला नगारा वाजवावा, गाव ऐकेल, आणि देवीसमोरच सुपारी फोडू.

आईनं हे दुपारपर्यंत अर्ध्या पिपरीला सांगितलं होतं. रुख्माबाईंना नाही, पण त्यांना भिंतीतून कळलं.

मला खरा ढोल येत नाही. हे मलाही तेव्हाच कळलं. माझी समजूत होती की इतकी गाणी वाजवली म्हणजे थोडं तरी येत असेल. वर्ध्याला प्रेमदासचा बँड आहे, त्याच्याकडे गेलो, त्यानं ताशा गळ्यात अडकवला आणि म्हणाला, वाजव. मी काड्या उचलल्या आणि उभा राहिलो. माझे हात रंग दिसल्याशिवाय हलतच नाहीत. समोर प्रेमदासची म्हैस होती. ती काळी. काळ्याला माझ्याकडे काही ठोका नाही. प्रेमदासनं बराच वेळ वाट पाहिली. मग ताशा माझ्या गळ्यातून काढून घेतला.

"भाऊ," तो म्हणाला, "तू लग्नात जेवाले येजो."

शेवटी मयुरीला फोन केला आणि सगळं सांगितलं. जपान, मॉल, मोटार, कांद्याचं पोतं. वर्तुळं कशी उजवीकडून येतात, कडं कसं डावीकडे असतं, लाल मधे, निळं कडेला. समाधी नाही, गेम आहे. तुमच्या आजोबांना तुम्हीच सांगा, मला धीर होत नाही. ती ऐकत राहिली. डॉक्टरांचं अक्षर वाचणारी मुलगी, तिला समजायला वेळ लागला नाही.

"नानाजीले हे सांगतलं तं ते नाई म्हनतीन," ती म्हणाली. "त्याइले वाटन, आपल्याले बनवलं." मग तिनं विचारलं, "उजवीकडूनच डावीकडं येतात ना? पक्कं?"

मी म्हटलं, पक्कं.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. नंतर मेसेज नाही, फोन नाही. बरं या शब्दाचा मी इतका विचार केला की तो मराठी वाटेनासा झाला.

मंगळवारी आम्ही हिंगणीला गेलो. वाटेत मला ताप यावा अशी मी देवीची प्रार्थना केली. पण तिच्याच देवळात न वाजवण्यासाठी तिच्याकडेच ताप मागणं मलाही जरा जास्त वाटलं, म्हणून मागे घेतली.

देऊळ लहानसं. समोर पत्र्याचा मंडप, आणि मंडपात गाभाऱ्याकडे तोंड करून लोखंडी घोडीवर नगारा. गाभाऱ्याभोवती ओटा आहे. त्या देवळाची रीत अशी की आरती चालू असताना बाया उभ्या राहत नाहीत, ओट्यावरून एकीमागे एक प्रदक्षिणा घालतात. पुरुष मंडपात टाळ्या वाजवतात. ही रीत मला कोणी सांगितली नव्हती. भैयाजी सगळ्यांना माझी ओळख करून देत होते आणि लोक मला वाट देत होते, जशी ॲम्ब्युलन्सला देतात.

नानाजी नगाऱ्यापाशी उभे होते. किडकिडीत, पांढरं धोतर, कपाळाला कुंकू. काड्या माझ्या हातात दिल्या तेव्हा त्यांचा हात कापत होता. मला वाटलं, म्हातारपण. माझाही कापत होता, पण दोन हात कापत असले की कोणाचा किती ते कळत नाही.

आरती सुरू झाली. मी काड्या उचलल्या आणि प्रेमदासच्या म्हशीपुढे उभा होतो तसाच उभा राहिलो. भैयाजींनी डोळे मिटून घेतले, भक्तीनं. आईनंही मिटले, वेगळ्या कारणानं.

आणि गाभाऱ्याच्या उजव्या कोपऱ्यातून मयुरी आली. लाल साडी. माझ्याकडे पाहिलं नाही. ओट्यावरून डावीकडे चालत गेली, डाव्या टोकाच्या खांबापाशी पोचली आणि खांबाला हात लावून पाया पडली, आणि माझा उजवा हात आपोआप नगाऱ्याच्या मधे पडला.

तिच्या मागून एक निळी साडी आली. खांब. कड. मग लाल, लाल, निळी. मग दोन लाल जवळजवळ, बहिणी असाव्यात. प्रदक्षिणा देवाला उजव्या हाताशी ठेवून घालतात. म्हणजे समोरून पाहणाऱ्याला बाया कायम उजवीकडून डावीकडेच जाताना दिसतात. जपानी लोकांना हे कोणी सांगितलं कोणास ठाऊक. आणि आरती म्हणत चालणारी बाई पाय आरतीच्या चालीवरच टाकते, त्यामुळे ताल मला पाहावा लागला नाही. मी फक्त खांब पाहत होतो आणि रंग पाहत होतो.

मंगळवारचा नवरात्राचा रंग लाल असतो हे पेपरात येतं, त्यामुळे लाल साड्या समजण्यासारख्या होत्या. निळ्या कुठून आल्या याचा विचार करायला वेळ नव्हता.

गेममध्ये मोठं वर्तुळ आलं तर दोन्ही काड्या एकदम मारायच्या असतात. गावातल्या कोकिळाकाकू आल्या, एकट्याच दोन बायांएवढ्या. दोन्ही काड्या. गेममध्ये पिवळी पट्टी आली तर ती संपेपर्यंत थांबायचं नाही, मारत सुटायचं. अनुसयाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या पेपरलाही मानत नाहीत आणि मोबाइललाही, त्या दरवर्षी नऊ दिवस पिवळंच नेसतात. त्या खांबापाशी आल्या आणि त्यांना आठवलं की डोक्यावरचा पदर नीट नाही. त्यांनी पदर सोडला, झटकला, पुन्हा घेतला, पसंत पडला नाही, पुन्हा सोडला. तोवर मी नगारा असा काही फोडत होतो की मंडपाचा पत्रा थरथरायला लागला आणि शेजारच्या कडुलिंबावरचे बगळे बोर धरणाकडे निघून गेले. अनुसयाबाई पुढे सरकल्या. मी थांबलो. मागून निळी आली, कडेला एकच हलका ठोका. मंडपातून कोणीतरी वाहवा म्हणालं.

आरती संपली. गाव माझ्याकडे पाहत होतं. आईनं डोळे उघडले. मला वाटलं, झालं, सुटलो. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता आणि मी अगदी बिनडोकपणे हसत होतो.

प्रसाद वाटला जात होता तेव्हा भैयाजी नानाजींच्या आणि मयुरीच्या बाबांच्या, किशोररावांच्या, कानाशी लागले. भैयाजींचं कुजबुजणं बोर धरणापर्यंत जातं. मी ऐकलं. मंडपानं ऐकलं. बगळ्यांनीही ऐकलं असेल.

"वाजवलं झ्याक. पन पोट्ट्यानं येक डाव बी देवीकडं पाह्यलं नाई. आरतीभर बायाइकडं पाहून राह्यलता."

कोकिळाकाकूंनी लगेच दुजोरा दिला. माझ्याकडं तं डोळे फाडून पाह्यलं, त्या म्हणाल्या, अन् दोन्ही हातानं हाणलं. एका तरुण बाईनं सांगितलं की तिच्याकडेही पाहिलं, पण कमी. हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर नेमकं काय होतं ते मला कळलं नाही. आई माझ्याकडे अशी पाहू लागली की समाधी परवडली.

नानाजींनी मला हातानं खूण केली आणि कडुलिंबाखाली नेलं. किशोरराव मागे आले. भैयाजींना नानाजींनी लांब थांबवलं.

"येकच इचारतो," नानाजी म्हणाले. "बायाइकडं काऊन पाहत होता?"

दोनच उत्तरं शक्य होती. एक, मी चांगला वाजवणारा आहे आणि वाईट माणूस आहे. दुसरं, मी बरा माणूस आहे आणि मला वाजवता येत नाही. पहिल्या उत्तरात गाव खूश आणि लग्न मोडलं. दुसऱ्या उत्तरात आपल्याला बनवलं म्हणून नानाजी नाराज आणि लग्न मोडलं. कुठल्याही रस्त्यानं गेलं तरी लग्न मोडतंच आहे म्हटल्यावर मला एकदम हलकं वाटलं, आणि मी खरं सांगून टाकलं. मॉल, नाणं न पडणं, रबर, लाटणी, लाल, निळी, खांब, पदर. नानाजींनी मधे एकदाही थांबवलं नाही. किशोररावांनी एकदा थांबवलं, चकत्या कुठं मिळतात ते विचारायला.

मग मयुरी आली. ती मंडपाच्या कोपऱ्यावरून पाहत होती. म्हणाली, निळ्या साड्या माझ्यामुळे. बचत गटाच्या ग्रुपवर मीच टाकलं की आजचा रंग निळा. अर्धं गाव पेपर वाचते, अर्धं मोबाइल. म्हनून निम्म्या लाल अन् निम्म्या निळ्या. तिनं हे हिशोब सांगावा तसं सांगितलं, पण हातातल्या प्रसादाचा तोवर लगदा झाला होता.

नानाजी माझ्याकडे वळले.

"म्हंजे तुले नगारा येत नाई."

"नाही येत."

"थोडाबी?"

"थोडाही नाही."

"समजा उद्या समद्या बाया पांढऱ्या लुगड्यात आल्या तं?"

"तर मी नुसता उभा राहीन."

नानाजी कडुलिंबाच्या पारावर बसले. बसले म्हणजे बसलेच, जशी मोळी डोक्यावरून खाली टाकतात. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मला वाटलं रडतात की काय. ते हसत होते, पण आवाज न करता, खांदे हलवत.

"भैयाजीनं सांगतलं, पोरगा समाधी लावून वाजवते," ते म्हणाले. "तवापासून गावातला जो भेटन तो म्हने, नानाजी, आता काड्या जवायाले द्या, तुमी आराम करा. मले झोप नाई बाप्पा. नातीचं लगन, तं नाई कसा म्हनू? अन् हो म्हनलं तं संध्याकाळी मी कुठं जाऊ? मघाशी काड्या तुह्या हाती देल्या, तवा हात कापत होता ना माहा? तो म्हातारपनानं नाई कापला."

मी म्हटलं, तुमच्या काड्या जड आहेत, मला नकोत. हे त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते किशोररावांना पुन्हा म्हणून दाखवलं, जणू ते तिथं नव्हतेच.

"सुपारी आना," नानाजी म्हणाले.

"अन् बायाइकडं पाहत होता त्याचं?" किशोररावांनी विचारलं. "गावाले काय सांगाचं?"

नानाजी उठले, धोतर झटकलं आणि मंडपात जाऊन भैयाजींना सर्वांदेखत सांगितलं की तुम्ही म्हणाले ते खरं निघालं. पोरगा उघड्या डोळ्यानं समाधी लावते. त्या टायमाले त्याच्यासमोरून हत्ती गेला तरी त्याले दिसत नाई. भैयाजींनी मान डोलावली. त्यांनी हे आधीच ओळखलं होतं, असं ते पुढे जेवण होईपर्यंत सांगत होते. कोकिळाकाकूंनी माझ्याकडे मायेनं पाहिलं, आंधळ्याकडे पाहतात तसं. आणि नानाजींनी जाहीर केलं की समाधीच्या माणसाला रोज त्रास देणं बरं नाही, त्यामुळे नगारा आपणच वाजवू, जमेल तोवर. कोणी आराम करा म्हणालं नाही.

सुपारी फुटली. अडकित्ता सापडेना म्हणून किशोररावांनी ती वरवंट्यानं फोडली. एक तुकडा उडून समईत पडला, आणि तो शुभ की अशुभ यावर थोडी चर्चा झाली. शुभ ठरलं, कारण तोवर सगळ्यांना भूक लागली होती. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दिवाळीनंतर.

पंगत उपासाची होती, भगर आणि शेंगदाण्याची आमटी. जेवणाआधी हात धुवायला गेलो तर मयुरी तांब्या घेऊन उभी होती. मी म्हटलं, तुमची फार धावपळ झाली माझ्यामुळे.

"खरं बोलले ते बरं झालं," ती म्हणाली. "नाई तं दर सणाले मले अर्ध्या गावाले खोटे रंग सांगत बसा लागलं असतं. जलमभर."

पलीकडे निळ्या साड्यांचा एक घोळका तिला शोधत होता. उद्या बुधवार, उद्या खरंच निळा, आणि यांच्या निळ्या साड्या आजच घामानं भिजल्या होत्या. तिनं तांब्या माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि त्यांच्याकडे निघाली. तिची पाठ सरळ होती, पण चाल जरा हळू.

मी पंगतीत जाऊन बसलो. भगर गरम होती. समोरून सगळ्या रंगांच्या बाया वाढत गेल्या, उजवीकडून, डावीकडून, कुठूनही, आणि मी मान खाली घालून तिसऱ्यांदा आमटी घेतली. माझ्याकडून आता कोणाला एक ठोकाही ऐकायचा नव्हता.